गाडीत शू करायची नाही

लेकराला शी-शू शिकवणं हे आईचंच काम आहे, असं आमच्या घरात कुणी कधी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही. फरशीवर ओलं दिसलं की सगळ्यांच्या माना आपोआप स्वयंपाकघराकडे वळायच्या, आणि तिथून वहिनी पोछा घेऊन निघायची. बाबांच्या खुर्चीपाशी पोछा, आईच्या शिलाई मशीनखाली पोछा, दादाच्या चपला बाजूला सारून तिथं पोछा. ज्याने त्याने आपापले पाय तेवढे वर उचलायचे. एवढी मदत सगळेच करत.

हे मी रागानं लिहिते आहे. राग ओसरायची वाट पाहिली असती तर लिखाण गोड झालं असतं, आणि लहान मुलांवरचं गोड लिखाण आपल्याकडे भरपूर पडलं आहे.

त्या उन्हाळ्यात माझी भाची अडीच वर्षांची होती. वहिनी मौद्याकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम करायची, पण बाळंतपणापासून घरीच होती. कारखान्यानं मुदत वाढवून वाढवून दिली आणि शेवटी कळवलं, जुलै लागला की या, नाही आलात तर जागा भरू. आईचे गुडघे गेलेले, त्यात दिवसभर ब्लाउजची गिऱ्हाइकं. बाबा समोरच्या खोलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात. तेव्हा पोरीला ठेवायचं कुठं? आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, कोपऱ्यावर एक प्ले-स्कूल आहे, भिंतीवर ससे-हत्ती काढलेलं. तिथल्या मॅडम गोड हसून म्हणाल्या, "आपण डायपरवालं बेबी घेत नाही हं. आया कमी आहेत. शू सांगायला लागली की आणा."

म्हणजे पोरगी शू सांगेल तर शाळा, शाळा असेल तर नोकरी. एका शिकल्यासवरल्या बाईचं पुढचं आयुष्य एका चड्डीवर येऊन थांबलं होतं, आणि घरातल्या बाकीच्यांना ती गंमत वाटत होती.

माझं काम काय, तेही सांगून टाकते. बाजारात आणि बसस्टँडवर बायकांसाठी मुताऱ्या झाल्या पाहिजेत, यासाठी आमची एक लहानशी संघटना भांडते. पत्रकं मी लिहिते, मीच वाटते, आणि त्यांचे गठ्ठे घरी दिवाणाखाली ठेवते. त्यामुळे बाबांना हक्काचा विनोद मिळाला होता. दुकानात कुणी आलं की ते माझ्याकडे हनुवटी करून म्हणायचे, "हे आमची मॅडम. गावभरच्या बायांची सोय पाहून राहिली. घरातल्या एका पोट्टीची सोय कोणाच्यानंच होऊन नाई राहिली."

गिऱ्हाईक हसायचं. बाबा त्याच हसण्यावर दोन झेरॉक्स जास्त काढायचे.

पण सगळ्याची सुरुवात उन्हाळ्यात झाली नव्हती. ती हिवाळ्यात झाली होती, दादाच्या नव्या गाडीत.

दादा शेतीचे पंप विकतो. खापा, कन्हान, मौदा, असं रोजचं फिरणं. गाडी घेतली तेव्हा तिच्या सीटवरचं प्लास्टिक त्यानं कित्येक दिवस काढू दिलं नाही. आम्ही त्या कर्रकर्र वाजणाऱ्या प्लास्टिकवर घाम गाळत बसायचो. खाप्याला आतेभावाचं लग्न निघालं, त्या सकाळी मात्र त्यानं स्वतःच्या हातानं प्लास्टिक उतरवलं. पाहुण्यांना सीट दिसायला हवी ना. पुढे तो आणि बाबा, मागे आई, मी, वहिनी आणि वहिनीच्या मांडीवर पोरगी. जरीचं परकर-पोलकं आणि आत डायपर. निघून थोडा वेळ झाला नाही तोच आई म्हणाली, "काढ वं ते. जांघेत पुरळ येते लेकराले. मी काय डायपर लावून लेकरं वाढवली का?"

वहिनी म्हणाली, "आई, पोहोचल्यावर काढू."

"तुमाले नाई समजत," म्हणत आईनं ते स्वतःच काढलं.

व्हायचं ते झालं. खाप्याच्या अलीकडे वहिनीची साडी, आईचा पदर आणि ती नवी सीट, सगळं ओलं. दादानं गाडी कडेला घेतली. मी त्याला गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकलं आहे, तिथं त्याच्या तोंडून तूप गळतं. त्या दिवशी तो गर्जला. दार उघडून त्यानं पोरीला रस्त्याच्या कडेच्या मातीत उभं केलं.

"गाडीत शू कराची असते का? बोल! असते का?"

ती थरथरत होती. परकर पायाला चिकटलेला.

"कान धर! आता सांग, कराची का गाडीत शू?"

"नाई."

"कोण करते गाडीत शू?"

"कोनी नाई."

आईला कुणी कान धरायला लावलं नाही. आई पदर पिळत होती आणि वहिनीला म्हणत होती, "तू निघताना करवून आणाची ना वं तिले."

एवढ्यावर संपलं असतं तरी मी विसरले असते. पण आमच्या घरात कशाचाही तमाशा होतो. लग्नाच्या मांडवाबाहेर चारही दारं उघडून सीट वाळत ठेवली होती आणि दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला किस्सा सांगत होता. मग पोरीला पुढे उभं करायचा. "पाह्य हं, आता मामाजीले सांग. गाडीत शू?" ती लगेच दोन्ही कान धरायची आणि ओरडायची, "नाई!" "कोण करते?" "कोनी नाई!" टाळ्या. पेढा.

पुढे घरी जो कोणी येईल त्याच्यासमोर हा खेळ व्हायचा. दुसरी पोरं कविता म्हणतात, आमची हे म्हणायची. बाबांना त्याचं इतकं कौतुक की बँकेचा माणूस सही घ्यायला आला, त्यालाही ऐकवलं.

एप्रिलात प्ले-स्कूलची अट कळली. वहिनीनं दादाला सांगितलं, येताना पॉटी-सीट आणा, साधी आणा. दादा बर्डीच्या बाजारातून घेऊन आला ती मोटारगाडी. लालभडक प्लास्टिकची. पुढे स्टिअरिंग, त्यावर पों-पों वाजणारा हॉर्न, डोळ्यांसारखे दिवे, चार चाकं. मधली सीट उचलली की खाली भांडं.

"याच्यावर तं मीपण बसतो," दादा म्हणाला आणि खरंच बसला.

आता आमच्या घराची एक रीत आहे. नवी वस्तू आली की ती वापरायच्या आधी तिची पूजा. फ्रिजची झाली, कूलरची झाली, झेरॉक्स मशीनची तर नारळ फोडून झाली. बाबांनी ती लाल गाडी पाहिली आणि उठून कुंकवाचा करंडा आणला. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. आईनं दारच्या झेंडूचं फूल खोचलं, चाकांखाली लिंबं ठेवली. पोरीला वर बसवलं आणि दादानं मागून ढकलून गाडी लिंबांवरून पुढे नेली. "नवी गाडी आली! कोणाची गाडी? माझ्या राणीची गाडी!" फोनवर त्याचा व्हिडिओ निघाला आणि सगळ्या नातेवाइकांत फिरला. खाप्याच्या आत्यानं उत्तरात विचारलं, किती ॲव्हरेज देते?

त्या दिवशी त्या वस्तूचं खरं काम काय, हे पोरीला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चड्डी काढून तिला त्या लाल गाडीवर बसवलं आणि सगळं घर सभोवती उभं राहिलं.

"कर बाळा."

तिनं पों-पों केलं.

"शू कर ना राजा. शूऽऽ."

तिनं स्टिअरिंग फिरवलं. चाकं ओढत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. उतरली. कूलरच्या मागे गेली, आणि तिथं केलं.

मे महिना असा गेला. सकाळी बादल्या भरायच्या, एकच संडास, दाराबाहेर बाबा पेपर घेऊन, दादा घड्याळ बघत, आत वहिनी पोरीला हाताशी धरून, "आधी तिचं होऊ द्या" म्हणणारी. "तिचं होतच नाई ना वं," बाहेरून बाबा. "आमचं होऊन राहिलं त्याचं काय?" मग वहिनी तिला तशीच घेऊन बाहेर. गाडीवर बसव. ती बसायची. आज्ञाधारकपणे, गुडघे आवळून, कपाळाला घाम येईस्तोवर बसायची. उतरली की कोपरा. कूलरमागे, दिवाणाखाली, एकदा आईनं शिवायला घेतलेल्या पैठणीच्या कापडावर. कूलरमागचा वास वाळ्यात मिसळून दुपारभर घरात खेळायचा. आणि जिथं दिसेल तिथं एकच ओरड, "इथं नाई! तिकडं, तुझ्या गाडीत!"

आई माझ्या दिवाणाखालून पत्रकं ओढून फरशीवर टाकायची. 'बाजारात स्त्रियांसाठी स्वच्छ मुतारी हवीच' असं वर ठळक छापलेलं. "कागद चांगला आहे तुमच्या संघटनेचा," आईनं प्रमाणपत्र दिलं. "पटकन शोषते."

मी भांडले. मी नेहमीच भांडते, म्हणून माझ्या भांडण्याची किंमत घरात पोळीवर माशी बसण्याएवढी. मग मीही पोछा मारला. पण मी मारला की आई सगळ्यांना सांगायची, "पाहा, आत्यानं पुसलं." वहिनीनं पुसलं असं कधी कुणी सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

समोरच्या काकू रोज संध्याकाळी फाटकाला टेकून चौकशीला हजर. "का वं, पोट्टी पॉटीवर बसते का नाई? अजून डायपरच? आमचा तं वर्षाचा व्हायच्या आधी सांगत होता. आता असं आहे, आईच्या डोक्यात नोकरी असली, तं लेकराकडे ध्यान कुठून राहीन?"

वहिनी दोरीवरच्या चड्ड्या काढत होती. तिनं ऐकलं आणि घड्या घालत राहिली.

मी म्हटलं, "काकू, तुमचा एवढा लवकर शिकला, मग तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर येता-जाता उभा राहून कोण करते? मले तं तोच दिसते."

काकू चार दिवस फिरकल्या नाहीत. आईनं मला जेवताना वाढलं नाही, मी माझं घेतलं.

घरात निदानांची कमतरता नव्हती. आईच्या मते दृष्ट. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. बाबांच्या मते ऊन. दादाच्या मते वहिनीला शिकवता येत नाही. तो कन्हानहून, मौद्याहून फोन करून विचारायचा, "झालं का?" नाही म्हटलं की, "काय करून राहिली मग तू दिवसभर?" त्याचा शिकवण्यातला वाटा तेवढाच, तोही हँड्स-फ्रीवर.

मग पोरगी आवरून धरायला लागली. आधी शी, मग शूसुद्धा. पोट टणक व्हायचं, पाय आपटून रडायची, आणि डायपर बांधला की त्यातच एकदम सुटायची. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, औषध लिहिलं आणि विचारलं, "हिला याबाबतीत कुणी घाबरवलंय का?"

"नाही," आई म्हणाली. "नाही हो," दादा म्हणाला. "लाडाची आहे आमची," बाबा म्हणाले. वहिनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मीसुद्धा तिथंच होते. रस्त्याच्या कडेची ती माती कुणाच्याच डोळ्यांपुढे आली नाही.

जूनच्या मध्यावर, जेवताना, दादानं निकाल लावला. "मी काय म्हणतो, एक वर्ष थांबून जा ना तू. काय बिघडते? पोरगी मोठी होईन, आपोआप शिकीन."

वहिनी तव्यावरची पोळी उलटत होती. "जागा भरतील ते," ती म्हणाली.

"दुसरी भेटन."

"कुठं?"

"भेटते ना. आणि नाई भेटली तं कोणी उपाशी मरून राहिलं का घरात?"

"होना," आई म्हणाली. "लेकरू महत्त्वाचं."

मी म्हटलं, "दादा, मग तू थांब ना एक वर्ष."

तो हसला. खरंच हसला, त्याला वाटलं मी गंमत केली. "माझं थांबून कसं चालन?"

"मग तिचं कसं चालते?"

"हे पाह्य, तुझी पत्रकं घराच्या बाहेर वाटत जा. घरात नको."

"घरात तर तुम्ही शू पुसायला वापरता."

बाबांनी ताट सरकवलं. "एकाले धड जेवू देत नाई हे पोट्टी." वहिनी हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या." मला तिचाही राग आला. तिच्यासाठी भांडणारी मी एकटी, आणि ती मलाच गप्प करत होती. पण दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर तिनं प्रयोगशाळेचा पांढरा कोट धुऊन, कडक इस्त्री करून, संडासाच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगला होता. संडासाला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याला खांदा लावूनच जावं लागत होतं. दादानं एकदा तो तिथून काढून कपाटात ठेवला. दुपारी तो परत खिळ्यावर.

त्या रविवारी दादाचं एक गिऱ्हाईक घरी आलं, मौद्याकडचे एक शेतकरी आणि त्यांची बायको. पंप घ्यायचा होता. दादाचं तूप सुरू झालं. पोरगी त्या लाल गाडीवर बसलेली, चड्डी नाही, गुडघे आवळलेले, तोंड लालबुंद. दादाला खेळ आठवला.

"पाहा हं भाऊजी, आमची हुशार आहे. बेटा, सांग. गाडीत शू कराची?"

तिनं स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही कान धरले. "नाई!"

"कोण करते गाडीत शू?"

"कोनी नाई!"

पाहुणे हसले. ती गाडीवरून उतरली, घाईघाईनं चालत कूलरमागे गेली, आणि सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं कूलरकडे पाहिलं, मग लाल गाडीकडे, बॉनेटवरच्या पुसट स्वस्तिकाकडे, मग दादाकडे. ट्रे तिनं बाबांच्या झेरॉक्स मशीनवर ठेवला, जिथं काहीही ठेवलं तर बाबा ओरडतात.

"अहो," ती म्हणाली, पाहुण्यांसमोर, "ती तुमचंच ऐकून राहिली."

"काय?"

"गाडीत करायची नाही म्हणून तुम्ही शिकवलं. आणि पॉटी आणली गाडीची. पूजा केली. ती नाही करत गाडीत."

मग ती पाहुणी बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो माय! मग लेकराचं काय चुकलं?"

काही चुकलं नव्हतं. सगळ्या घरात सांगितलेलं ऐकणारी तीच एकटी होती. गाडीत करायचं नाही, हा बापाचा कायदा. फरशीवर करायचं नाही, हा बाकी सगळ्यांचा. त्या घरात त्या मुलीला शू करायला एक हातभर कायदेशीर जागा आम्ही ठेवली नव्हती. मग ती काय करेल? आवरून धरेल. बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाया दिवसभर पाणी न पिता आवरून धरतात, त्यांच्यासाठी मी पत्रकं छापते. इथं तेच माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि वर टाळ्या वाजत होत्या.

पाहुणे गेल्यावर वहिनीनं पोरीला जवळ घेतलं. "बाळा, या गाडीत चालते शू केलेली. ही छोटी गाडी आहे ना, हिच्यात चालते."

पोरीनं मान हलवली. "पप्पा रागवते."

आईनं सांगून पाहिलं. गुडघ्यांचं दुखणं सोसून मोरीत पाय पसरून बसली, पोरीला जुन्या पद्धतीनं पायांवर बसवलं, शूऽऽ म्हटलं. "पप्पा रागवते." बाबांनी चॉकलेट दाखवलं. मी सांगितलं. उत्तर एकच.

"तुम्हीच सांगा तिला," वहिनी दादाला म्हणाली.

"मी काय सांगू?"

"की चालते म्हणून. की तुम्ही रागावणार नाही."

"म्हणजे मी चुकलो म्हणू? नवी सीट होती ती. आता या एवढ्याशा पोरीपुढे मी माफी मागत बसू?"

"माफी कोणी मागितली? एक वाक्य बोला."

दादा उठला, पाण्याचा पाईप ओढला आणि गाडी धुवायला गेला. जूनच्या त्या उन्हात, धुतलेलीच गाडी. बाबा खिडकीतून म्हणाले, "काचा वाळून राहिल्या तुझ्या, डाग पडन." एवढंच बोलले. मी बाहेर जाऊन त्याच्याशी भांडणार होते, वहिनीनं माझा हात धरला. तिनं कोट खिळ्यावरून काढला, दादाच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवला, आणि आत येऊन डाळ निवडायला बसली.

त्यानं कोट बाजूला केला की नाही ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी तो पाना-पेचकस घेऊन आत आला. लाल गाडी फरशीवर उलटी केली आणि खोलायला लागला. आमच्या घरातले पुरुष असे आहेत. इंजिन उघडतील, तोंड उघडणार नाहीत.

चाकं निघाली. पोरगी धावत आली. "माझी गाडी! माझी गाडी तोडून राहिले पप्पा!" असं किंचाळली की समोरच्या काकू फाटकाशी आल्या. दिवे निघाले. हॉर्न निघताना एकदा पों झालं. बॉनेटचा तुकडा हातात आला तेव्हा त्याचं लक्ष स्वस्तिकाकडे गेलं, आणि त्यानं तो तुकडा पटकन कपाळाला लावून बाजूला ठेवला. पोरीपुढे मान तुकवायची लाज वाटणारा माणूस प्लास्टिकच्या बॉनेटला नमस्कार करत होता.

शेवटी स्टिअरिंग. ते तिनं त्याच्या हातातून हिसकावलं आणि छातीशी धरलं. खाली उरलं एक साधं लाल भांडं, काठ असलेलं.

"पाह्य," दादा पेचकसाकडे बघत म्हणाला. "आता गाडी नाई ना हे? नाई ना? मग याच्यात कराची. पप्पा रागवत नाई."

तिनं हुंदके थांबवले. भांड्याभोवती फिरून पाहिलं. मग बापासमोर उभी राहिली.

"कान धर," ती म्हणाली.

दादानं मान वर केली. दारात आम्ही सगळे उभे होतो, आई, बाबा, वहिनी, मी. फाटकापाशी काकू. मला वाटलं तो आता उठून जाईल.

"कान धर ना पप्पा."

त्यानं धरला. एकच. दुसऱ्या हातात पेचकस होता, ही सबब त्याच्याकडे तयार असेल.

ती बसली, स्टिअरिंग हातात घट्ट धरून. थोड्या वेळानं प्लास्टिकवर पाण्याचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. वहिनी भिंतीला टेकली.

आणि पुढे काय झालं ऐका. काकूंना बाबांनी तिथल्या तिथं सांगितलं, "पाहिलं? बापानं हात लावला अन् शिकली." दुसऱ्या दिवसापासून ले-आऊटभर तेच. खाप्याच्या आत्याला फोन, "दादानं एका संध्याकाळी शिकवलं." दोन महिन्यांचे पोछे कुठं गेले? माती, कान, टाळ्या, पैठणी, डॉक्टरासमोरचं 'नाही', सगळं कुठं गेलं? मी आठवण करून दिली की सगळे म्हणत, "तुले चांगलं पाहवतच नाई." नाही पाहवत. ज्याने घाण केली त्याचाच सत्कार मला नाही पाहवत.

प्ले-स्कूलच्या मॅडमनी पोरीला घेतलं. स्टिअरिंग सोबत आणायची परवानगी मात्र दिली नाही, त्यावरून मी त्यांच्याशी वेगळी भांडले.

जुलै लागला. वहिनी सकाळी लवकर, चौकातून कारखान्याच्या बसनं गेली. पांढरा कोट पिशवीत. जाताना पोळ्यांचा डबा, दूध, पोरीचे कपडे, सगळं ओट्यावर मांडून गेली, आणि कुणाला काहीही सांगून गेली नाही. मला ते आवडलं.

घर नेहमीसारखं. बाबा पेपर घेऊन, आई मशीनवर दोरा ओवत, मी दारात पत्रकांचा गठ्ठा बांधत, दादा बूट घालत. पोरगी मोरीत तिच्या लाल भांड्यावर, स्टिअरिंग फिरवत.

"झाऽऽलीऽऽ!"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. तिथून कुणी निघालं नाही. माना थोडा वेळ तशाच राहिल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी सुतळीला गाठ मारत होते, आणखी एक मारली. आईनं उठायला मशीनच्या लाकडावर हात टेकला.

"आई, बस," मी म्हटलं.

"अवं, पण लेकरू..."

"बस म्हणते ना."

"झाऽऽलीऽऽ! कोनी आहे काऽऽ?"

दादाचा एक बूट पायात होता, एक हातात. "मले उशीर होऊन राहिला," तो कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

त्यानं बूट काढला. मोजा काढला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोरीच्या दारापर्यंत गेला. तिथून मान बाहेर काढून मला विचारलं, "मग्गा कुठी आहे वं?"

ज्या बादलीतून तो रोज आंघोळ करतो, तिच्यातच होता.

"शोध," मी म्हटलं, आणि गठ्ठा उचलून बाहेर पडले.